फळांतली साखर बाधते का? मिस्टर दिवसभर फळांवर आणि सासूबाईंना फळ बंद

आधी सरळ उत्तर देते, मग सविस्तर लिहिते. अख्खं फळ चावून खाल्लं तर त्यातल्या साखरेने निरोगी माणसाचं नुकसान होतं असा पुरावा नाही, आणि डायबेटिस असलेल्या माणसाचं फळ कायमचं बंद करायलाही काही आधार नाही. पण तुमच्या मिस्टरांचा जो आहार तुम्ही लिहिलाय त्यात अडचण नक्की आहे, फक्त तुम्ही जिथे शोधताय तिथे नाही.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर ३८ वर्षांचे, वजन ६८ किलो, कुठला आजार नाही, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.४, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) ११०. गेले काही महिने सकाळी आणि दुपारी फक्त फळं, रात्री साधं जेवण. सासूबाई ६६ वर्षांच्या, डायबेटिस जुना, एचबीएवनसी ८.१, डायबेटिससाठी मेटफॉर्मिन आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू, त्यांना कुणीतरी फळ पूर्ण बंद करायला सांगितलंय, म्हणून त्या फळाऐवजी शहाळ्याचं पाणी पितात, रोज. एकाच घरात एक जण दिवसाला दीड किलो फळ खातोय आणि दुसरीला चिकूची फोड घ्यायची भीती वाटते, तर खरं काय, आणि फळातली साखर आणि डब्यातली साखर एकच का. मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते, निम्म्याहून जास्त पेशंट डायबेटिस आणि फॅटी लिव्हरचे, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच आहे, उन्हाळ्यात तर दिवसाला चार वेळा येतो.

रेणू बघितला तर हो, साखर एकच आहे. डब्यातली साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोज. द्राक्षात पण दोन्ही जवळपास समसमान, सफरचंदात फ्रुक्टोज जास्त, आंब्यात तर निम्मी-अर्धी साखर ही आपल्या उसाच्याच जातीची, सुक्रोज. त्यामुळे 'फळातली साखर नैसर्गिक म्हणून ती लागत नाही' असं जे सांगतात तेही चूक आहे. ती मोजली जाते, तिच्या कॅलरी होतात, डायबेटिसमध्ये ती मीटरवर दिसते. फरक पडतो तो ती साखर कशात अडकून येते आणि किती वेगाने आत जाते यामुळे. फळाची साखर पेशींच्या आत पाण्यात विरघळलेली असते, बाहेर पेशीची भिंत, मध्ये पेक्टिनसारखा चिकट फायबर. दातांनी चावून त्यातल्या काही पेशी फुटतात, बाकीच्या तशाच पोटात जातात, पोट हळू रिकामं होतं, साखर टप्प्याटप्प्याने आतड्यात उतरते. ज्यूसरने हे सगळं काम आधीच करून टाकलेलं असतं आणि वर चोथा फेकून दिलेला असतो.

यावर एक जुना आणि फार साधा प्रयोग आहे, १९७७ चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. त्याच लोकांना एकदा अख्खी सफरचंदं दिली, एकदा त्यांचा गाळ करून, एकदा रस काढून, साखर तिन्हीत सारखीच. अख्ख्या सफरचंदांना जितका वेळ लागला त्याच्या अकरापट वेगाने रस पिऊन झाला. पोट भरल्यासारखं सगळ्यात जास्त अख्ख्या फळाने वाटलं, रसाने सगळ्यात कमी. आणि रस प्यायल्यावर इन्सुलिन जास्त चढलं आणि थोड्या वेळाने रक्तातली साखर उलट खाली घसरली, म्हणजे परत भूक. अख्ख्या फळात ती घसरण नव्हती. फळ तेच, माणूस तोच, तरी एवढा फरक.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर आमरस घ्या. मध्यम हापूस साधारण सव्वादोनशे ग्रॅमचा, साल आणि बाठा काढला की गर राहतो दीडशे ग्रॅमच्या आसपास, त्यात साखर वीस-बावीस ग्रॅम. असे तीन आंबे फोडी करून खायला बसा, दुसऱ्या आंब्यानंतर बहुतेकांचा हात आपोआप हळू होतो, बाठा चोखायला वेळ लागतो, तोंड गोड होऊन जातं. तेच तीन आंबे पिळून रस केला की तीन वाट्या, पुरीबरोबर दहा-पंधरा मिनिटांत संपतात, त्यात घरोघरी दोन चमचे साखर घातलेली असते, आणि चौथ्या वाटीचा आग्रह वेगळाच. आणि रसाबरोबर पुऱ्या किती जातात ते कुणी मोजत नाही. दुसऱ्या दिवशी साखर वाढलेली दिसली की नाव आंब्याचं येतं, त्या सहा पुऱ्यांचं आणि वरच्या साखरेचं कुणी काढत नाही. संत्र्याचंही तसंच, मोठा ग्लासभर रसाला चार संत्री सहज लागतात, चार संत्री सोलून बसून खाणारा माणूस मी फार क्वचित बघितलाय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ ला साखरेची जी मर्यादा दिली, म्हणजे रोजच्या कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा कमी आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या खाली, ती 'फ्री शुगर'साठी आहे. त्यात आपण घातलेली साखर येते, गूळ येतो, मध येतो, फळांचा रस आणि रसाचा कॉन्सन्ट्रेट पण येतो, घरी ताजा काढलेला असला तरी. अख्खी फळं, भाज्या आणि दूध यातली साखर त्या हिशोबात धरलेलीच नाही. हे मुद्दाम सांगते कारण माझ्याकडे येणारे कितीतरी जण चहातली साखर सोडून गूळ घालतात, सकाळी लिंबू-मध घेतात, दुपारी फ्रेश ज्यूस घेतात आणि केळं मात्र 'साखर फार' म्हणून बंद करतात. नेमकं उलटं चाललंय.

आता फ्रुक्टोज आणि लिव्हर. फळातल्या फ्रुक्टोजने फॅटी लिव्हर होतं असं सांगणारे जे व्हिडिओ तुम्ही बघितलेत त्यात सांगितलेलं पूर्ण खोटं नाही, अर्धवट आहे. फ्रुक्टोज जास्त आणि पटकन आलं तर ते लिव्हरमध्ये जातं, तिथे ग्लुकोजसारखा त्याला लगाम नाही, आणि जास्तीच्या फ्रुक्टोजची चरबी बनते, हे खरंय. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात २००९ ला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, जास्त वजनाच्या लोकांना १० आठवडे रोजच्या एकूण कॅलरीच्या २५ टक्के फ्रुक्टोजच्या गोड पेयातून दिल्या, तर पोटाच्या आतली चरबी वाढली आणि इन्सुलिनचं काम बिघडलं. पण लक्षात घ्या, ते पेय होतं, आणि प्रमाण केवढं, चौथा हिस्सा कॅलरी. यावरून 'सफरचंद खाल्लं की फॅटी लिव्हर' असा निष्कर्ष काढणं म्हणजे प्रयोग न वाचताच बोलणं आहे.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी उंदरांवर दाखवलं की थोडं थोडं फ्रुक्टोज आलं तर लहान आतडंच त्याचं ग्लुकोज वगैरे करून टाकतं, लिव्हरपर्यंत फार पोचतच नाही. एकदम मोठा डोस आला की आतड्याला आवरत नाही, मग उरलेलं लिव्हरकडे आणि मोठ्या आतड्याकडे जातं. उंदीर आणि माणूस एक नाही हे मान्य, पण वेगाचा मुद्दा इथे परत येतो आणि तो १९७७ च्या सफरचंदांशी जुळतो, म्हणून मला तो पटतो.

माणसांवरचा मोठा अभ्यास म्हणजे २०१३ चा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला, अमेरिकेतले १ लाख ८७ हजार नर्सेस आणि आरोग्य क्षेत्रातले लोक, वर्षानुवर्षं नोंदी ठेवलेल्या. अख्खी फळं, त्यात विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद, खाणाऱ्यांत टाइप २ डायबेटिस कमी, आणि फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. द्राक्षं बघा, आपल्याकडे सगळ्यात आधी ज्या फळाला हात लावू नका म्हणतात ते. मग २०१७ ला चीनमधून पाच लाख लोकांचा अभ्यास आला, रोज ताजं फळ खाणाऱ्यांना डायबेटिस व्हायचा धोका १२ टक्के कमी, आणि ज्यांना डायबेटिस आधीच होता त्यांच्यात आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त फळ खाणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १७ टक्के कमी. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, फळ खाणारा माणूस बाकीही बऱ्याच गोष्टी बऱ्या करत असतो, त्यामुळे सगळं श्रेय फळाला द्यायचं नाही. पण फळातली साखर खरोखर घातक असती तर एवढ्या लाखो लोकांत आकडा उलट्या बाजूला दिसला असता. 'आजकालची फळं पूर्वीपेक्षा गोड केलीयेत, म्हणून जुना नियम लागू नाही' असंही लोक म्हणतात, तर या अभ्यासांतले लोक बाजारातली आजकालचीच फळं खात होते.

तर आता मिस्टरांचं ताट. तुम्ही यादी व्यवस्थित दिलीत म्हणून मला हिशोब करता आला. चार केळी, ४०० ग्रॅम पपई, दोन सफरचंदं, पाव किलो द्राक्षं, तीन चिकू. सोलून वजन सगळं मिळून साधारण १६०० ग्रॅम. कॅलरी १०५० च्या आसपास, साखर दोनशे ग्रॅमच्या जवळ, फायबर ३८-४० ग्रॅम, आणि प्रोटीन जेमतेम १० ग्रॅम.

या चार आकड्यांत तुमचं लक्ष दोनशेवर जाईल, माझं दहावर जातं.

दोनशे ग्रॅम साखर ही ऐकायला भयंकर वाटते. तेवढी कोल्ड्रिंकमधून आली असती तर मी आजच्या आज बंद करा म्हटलं असतं, कारण ती साधारण सहा ३०० मिलीच्या बाटल्यांएवढी होते आणि फायबर शून्य. पण इथे ती ४० ग्रॅम फायबरबरोबर, सव्वा लिटरच्या आसपास पाण्याबरोबर, सात-आठ तासांत चावून चावून येतेय, आणि हा माणूस दिवसाच्या एकूण कॅलरी जास्त खातच नाहीये, त्याचे रिपोर्ट स्वच्छ आहेत. १९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत १७ जणांना काही महिने रोज वीसेक फळं खायला लावून बघितलं होतं, वजनात किंवा रक्तातल्या चरबीत वाईट काही दिसलं नाही. छोटा अभ्यास आहे, त्यावर आयुष्य उभं करू नका, आणि म्हणूनच मी दर सहा महिन्यांनी ट्रायग्लिसराइड्स आणि एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) बघा असं म्हणेन, ट्रायग्लिसराइड्स १५० च्या वर सरकायला लागले तर फळांचं प्रमाण कमी करायचं, त्यात वाद नको. घरात डायबेटिस आहे, आईला आहे, म्हणजे त्यांनाही ओढ आहेच, त्यामुळे पोटाचा घेरही मोजत जा. वजन तेवढंच आणि घेर वाढतोय ही आपल्याकडच्या पुरुषांची नेहमीची गोष्ट आहे.

पण प्रोटीन. ६८ किलोच्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तरी रोज ५६ ग्रॅम लागतं. फळांतून १०, रात्री दोन पोळ्या, वाटीभर वरण, थोडा भात, भाजी, यातून १६-१७. झाले २७. निम्मं. हे महिनोन् महिने चाललं की वजन कमी होतं खरं, सगळे कौतुक करतात, पण त्यात स्नायू पण जातात, आणि रक्तातली साखर उचलून घेणारा सगळ्यात मोठा भाग म्हणजे स्नायूच. म्हणजे साखरेला घाबरून नाही, पण साखर पचवायची जी जागा आहे तीच कमी होतेय म्हणून काळजी करायची. पायऱ्या चढताना मांड्या भरून येणं, केस गळणं, सारखं थकल्यासारखं वाटणं, असं काही होतंय का विचारा त्यांना. बी१२ फळांत नसतंच, शाकाहारी घर असेल आणि दूध-दही पण सुटलं असेल तर ते तपासायलाच हवं. कॅल्शियम, लोह, चांगली चरबी, हे पण फळांतून भागत नाही. म्हणून मी म्हणते की फळांत काय आहे यापेक्षा फळं आल्यामुळे ताटातून काय गेलं ते बघा. तुमच्याकडे सकाळच्या पोहे-उपम्याबरोबर दुपारची उसळ, ताक, आमटी, सगळंच गेलं.

करायचं काय तर फार उलथापालथ नको, त्यांना फळं आवडतात, चांगलंच आहे, आपल्याकडे लोक आठवड्याला दोन केळी खाऊन फळं खातो म्हणतात. दीड किलोवरून सहा-सातशे ग्रॅमवर या. सकाळी पपई आणि एक केळं, त्याबरोबर दोन अंडी, अंडी चालत नसतील तर मूग-मटकीची वाटीभर उसळ किंवा शंभर ग्रॅम पनीर, आणि मूठभर शेंगदाणे. दुपारचं जेवण परत सुरू करा, भाकरी, उसळ, कोशिंबीर, वाटीभर दही, आणि जेवणानंतर सफरचंद किंवा पेरू. संध्याकाळी एखादं फळ भुकेला. चिकू-द्राक्षं सोडायची नाहीत, पाव किलो द्राक्षं टीव्ही बघत एका बैठकीत जातात ते थांबवायचं, वाटीत काढून घ्या आणि पिशवी फ्रिजमध्ये. पेरू जास्त आणा, शंभर ग्रॅममागे साखर नऊएक ग्रॅम, फायबर पाचच्या वर, क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि स्वस्त. मला पेरूबद्दल जरा जास्तच प्रेम आहे हे माझे पेशंट सांगतील, पण आकडेच तसे आहेत.

पोट फुगतं आणि दिवसातून तीनदा जावं लागतं असंही तुम्ही लिहिलंय. ते याचंच आहे. आतड्याची फ्रुक्टोज शोषायची ताकद माणसागणिक वेगळी, ज्या फळात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त, म्हणजे सफरचंद, नाशपाती, आंबा, कलिंगड, ती जास्त झाली की उरलेलं मोठ्या आतड्यात जाऊन बॅक्टेरिया त्याचा गॅस करतात. प्रमाण कमी केलं की बहुतेक आपोआप बसेल. आणि दातांकडे लक्ष द्या, दिवसभर थोडं थोडं फळ चघळत राहिलं की तोंड सतत आंबट राहतं, इनॅमल झिजतं, फळ वेळेवर खाऊन मोकळं व्हायचं, वर चूळ भरायची, आणि संत्रं-अननस खाल्ल्यावर लगेच ब्रश घासायचा नाही, अर्धा तास जाऊ द्यायचा. रात्री फळ खाऊ नये, जेवणावर फळ खाल्लं की पोटात सडतं, याला काही आधार नाही, पोटात एवढं ॲसिड असतं की तिथे काही सडत बसत नाही. तो विषय सोडून द्या.

सुका मेवा मात्र वेगळा. खजूर, मनुका, सुके अंजीर हेही फळच, पण पाणी गेलेलं, त्यामुळे हाताला अंदाज येत नाही. मोठे तीन मेदजूल खजूर म्हणजे ४५-४८ ग्रॅम साखर, हे दोन मिनिटांत जातात. 'शुगर फ्री' म्हणून खजुराचे लाडू विकतात, डायबेटिसच्या पेशंटनी ते साखरेच्या लाडवाएवढेच धरायचे. स्मूदी अख्खं फळ आणि रस यांच्या मध्ये येते, चोथा आतच राहतो म्हणून रसापेक्षा बरी, काही छोट्या प्रयोगांत बियांची फळं मिक्सरमध्ये फिरवल्यावर साखर उलट कमी चढलेली दिसली, पण प्यायला वेळ लागत नाही आणि लोक त्यात मध, आइस्क्रीम, खजूर घालतात, मग हिशोबच राहत नाही.

आता सासूबाई. यांच्याबद्दल मला जास्त बोलायचंय कारण यांच्यावर अन्याय होतोय. एचबीएवनसी ८.१ आहे, फळ बंद आहे, म्हणजे ते ८.१ फळाचं नाहीच. दिवसाचं जे लिहिलंत त्यात सकाळी चहा आणि चार मारी बिस्किटं, मग पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि भात, चारला परत चहा-बिस्किट, रात्री परत पोळी-भात. साखर तिथे आहे. आपल्या देशातला हा सगळ्यांचाच प्रकार आहे, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या अभ्यासात भारतीयांच्या कॅलरीतला ६२ टक्के वाटा कार्बोहायड्रेटचा निघालाय आणि त्यातला मोठा भाग पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर. त्याच अभ्यासाच्या २०२३ च्या आकड्यांत डायबेटिसचे १० कोटींवर लोक. एवढे लोक पेरू खाऊन झालेले नाहीत.

डेन्मार्कमध्ये २०१३ ला नवीन डायबेटिस सापडलेल्या ६३ लोकांचे दोन गट केले, एकाला सांगितलं रोज दोनपेक्षा जास्त फळं नकोत, दुसऱ्याला सांगितलं निदान दोन तरी खा. १२ आठवड्यांनी एचबीएवनसीमध्ये दोन गटांत फरक नाही. दिल्लीत २०२५ ला आंब्यावरच काम प्रसिद्ध झालं, नाश्त्याला ब्रेडऐवजी २५० ग्रॅम आंबा, आठ आठवडे, आणि साखर बिघडली नाही, सुधारलीच. यातला 'ऐवजी' हा शब्द फार महत्त्वाचा आहे, तो गाळून बातमी पसरली आणि मे महिन्यात माझ्याकडे लोक जेवण पूर्ण करून वर आंबा खाऊन आले. नाश्त्यावर आंबा वेगळा आणि नाश्त्याऐवजी आंबा वेगळा.

त्यांच्यासाठी मोजमाप असं धरा, एका वेळी जेवढ्या फळातून १५ ग्रॅम कार्बोहायड्रेट येतं तेवढं एक माप. ते होतं अर्धं मोठं केळं, एक मध्यम पेरू, एक छोटं सफरचंद, हापूसचा शंभर ग्रॅम गर म्हणजे दोन फोडींच्या आसपास, एक छोटा चिकू, पंधराएक द्राक्षं, पपईच्या चार-पाच मोठ्या फोडी, कलिंगड २०० ग्रॅम. दिवसाला अशी दोन मापं, वेगवेगळ्या वेळी, आणि तेवढ्यासाठी एक पोळी किंवा अर्धी वाटी भात कमी. चारच्या चहाबरोबरची बिस्किटं काढून तिथे पेरू आणि चार बदाम, एवढ्या एका बदलाने सुद्धा बराच फरक पडतो. कलिंगडाला लोक जीआय (पदार्थ साखर किती वेगाने चढवतो तो आकडा) बघून घाबरतात, जुन्या तक्त्यांत तो सत्तरच्या वर आहे, पण तो आकडा ५० ग्रॅम कार्बोहायड्रेटवर काढतात आणि तेवढं मिळायला साडेसहाशे ग्रॅम कलिंगड खावं लागेल, एका बशीत तेवढं नसतं.

घरात ग्लुकोमीटर आहे म्हणालात, मग माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तुम्हीच बघा. एका दिवशी चार वाजता, खायच्या आधी साखर मोजा, लिहून ठेवा, नेहमीची चार बिस्किटं आणि चहा द्या, खायला सुरुवात केली त्या वेळेपासून दोन तासांनी परत मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, साधारण तेवढंच दुपारचं जेवण झालेलं असताना, एक पेरू आणि चार बदाम, चहा बिनसाखरेचा, परत तसंच मोजा. मग एक दिवस पपई, एक दिवस चिकू. बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुवायचे आणि कोरडे करायचे, हे फार जण विसरतात, फळ कापलेल्या हाताला रस लागलेला असतो आणि मीटर पन्नास-साठने जास्त दाखवतो, मग विनाकारण घाबरगुंडी. दोन तासांत चढ ४०-५० च्या आत राहिली तर ते फळ तेवढ्या प्रमाणात त्यांना चालतंय, जास्त गेली तर प्रमाण निम्मं करा, फळ बदलून बघा. माझ्या अनुभवात पेरू, पपई, संत्रं, जांभूळ, नाशपाती बहुतेकांना सोसतात, चिकू, सीताफळ आणि पूर्ण पिकून काळं पडलेलं केळं यात माणसागणिक फार फरक पडतो. गोळ्या कमी-जास्त करणं मात्र त्यांच्या डॉक्टरांनीच करायचं, मीटर बघून घरी ठरवायचं नाही. मेटफॉर्मिन जुनं आहे तर त्यांचंही बी१२ तपासा, त्या गोळीने ते कमी होत जातं.

आणि शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाहीत पण मला सगळ्यात आधी खटकलं ते म्हणजे रोजचं शहाळं. फळ बंद म्हणून शहाळं, असं घरोघरी चालतं, ते निरुपद्रवी समजतात. एका शहाळ्यात ३०० मिली पाणी धरलं तरी पोटॅशियम ६०० ते ७५० मिलीग्रॅम जातं, केळ्यापेक्षा जास्त. किडनी ठीक असेल तर ते लघवीतून निघून जातं, काही होत नाही. पण जुना डायबेटिस, वय ६६, त्यात टेल्मिसार्टन चालू, ही गोळी चांगली आहे, किडनीला जपते, पण शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. किडनी थोडी जरी मंदावलेली असेल तर पोटॅशियम चढतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो, आधी कळत पण नाही. तुम्ही दिलेल्या रिपोर्टमध्ये किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दिसलं नाही, पोटॅशियम नाही, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन) नाही. ते तिन्ही या आठवड्यात करून घ्या आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा, क्रिएटिनिनवरूनच काढतात) ६० च्या वर आणि पोटॅशियम ५ च्या खाली असेल तर वर लिहिलेली फळांची मापं बिनधास्त सुरू करा, आठवड्यात एखादं शहाळंही चालेल. किडनी कमी निघाली तर फळं तरी बंद होत नाहीत, निवड बदलते, सफरचंद, नाशपाती, पपईची छोटी वाटी, आणि केळं, चिकू, शहाळं, सुका मेवा मागे पडतो. कमरख, म्हणजे ते आडवं कापलं की चांदणी दिसते ते आंबट फळ, किडनीच्या पेशंटला एक फोड पण द्यायची नाही, त्यातल्या विषारी द्रव्याने उचकी, गोंधळ, फिट्सपर्यंत जातं. रिपोर्ट हातात येईपर्यंत शहाळं थांबवा, सफरचंद आजपासून द्या.